जिन्यातली सिगारेट आणि म्हणे ‘दार लावून घ्या’

चौथा_मजला
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं, सोसायटीच्या जिन्यात सिगारेट ओढणं हा त्यांचा हक्क; ज्यांना त्रास होतो त्यांनी दार लावून घ्यावं. अहो, लावूनच बसतो! धूर दाराखालच्या फटीतून येतो. सासूबाईंना दमा आहे. संध्याकाळी जिन्यात लायटरचा आवाज आला की त्या उठून फटीला ओला पंचा लावतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे ना? २०० रुपये दंड आहे ना? मग?

एक_कश
ते महाशय मीच. कायदा वाचा आधी. सभागृह, हॉस्पिटल, रेल्वेची वेटिंग रूम, रेस्टॉरंट, कोर्ट. सोसायटीचा जिना दाखवा त्यात! घरात बायको ओढू देत नाही, गच्चीला सेक्रेटरीचं कुलूप. जाऊ कुठे? ३० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला स्मोकिंगची वेगळी खोली चालते, आम्ही मेंटेनन्स भरून चोर.

काकू_ठाणेकर
यादीआधीचं वाक्य सोयीस्कर गाळलंत. लोकांचा वावर असलेली कुठलीही जागा, मग तो हक्काने असो वा नसो. दूधवाला, कुरिअरवाला काय खिडकीतून येतात?

नाना_६२
धूर उडून जातो हो. पिचकाऱ्यांचं बोला! गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी. फरक एवढाच की आमच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकत नाहीत, मागितली की गल्ल्याखालून निघते. जिन्याचे सगळे कोपरे लाल. शेवटी देवांच्या टाइल्स बसवल्या. साईबाबा, गणपती, शेजारी क्रॉस. महिनाभरात कोपरे स्वच्छ.

अनिकेत_क
देवाला थुंकणाऱ्यांच्या पहाऱ्यावर बसवलंत, आणि वर कौतुक सांगताय?

नाना_६२
तुम्ही या बादली घेऊन कोपरे घासायला. मग शिकवा.

काकू_ठाणेकर
आमच्याकडे टाइलच्या वर चार बोटं जागा सोडून थुंकतात. नेम चांगला आहे मेल्यांचा.

अनिकेत_क
बघा! देवही गेला आणि भिंतही.

नाना_६२
तुमच्या टाइल्स खाली बसल्यात. गुडघ्याच्या वर लावायच्या असतात. कमिटीत कधी काम केलंय का कोणी?

चौथा_मजला
धागा सिगारेटचा आहे!! टाइल्सचा वेगळा काढा.

एक_कश
बरं बाई. समोरच्यांकडे बाळ आल्यापासून मी दोन मजले खाली उतरून ओढतो. कायद्याला घाबरून नाही. झालं समाधान?

चौथा_मजला
म्हणजे खालच्यांना फुप्फुसं नाहीत?

एक_कश
खालचा स्वतःच दार उघडून येतो. आणि ओढतो माझ्या पाकिटातली.