न्यू जर्सीतील शिलेदारांचा खेळ आणि जेवण: सासूबाईंना आणि नातवाला न्यावे का?

हापूसवाला, देवगड

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. आंब्याचा हंगाम आटोपला की जुलैमध्ये मी, माझी पत्नी आणि माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाई असे तिघे सहा आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. नातीच्या नवव्या वाढदिवसाला सर्वांनी मिळून लिंडहर्स्ट येथील ‘मेडिव्हल टाइम्स’ला जावे, असे त्याच्या मनात आहे. तेथे किल्ल्यासारख्या इमारतीत मोठे रिंगण असते, त्यात मध्ययुगीन पोशाखातले स्वार घोड्यांवरून एकमेकांशी झुंजतात, आणि प्रेक्षक भोवती बसून ती झुंज पाहता पाहता जेवतात, एवढे मला समजले आहे.

माझी पहिली अडचण जेवणाची आहे. आम्हा दोघांना कोंबडी चालते. परंतु सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास संपेपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे त्यांच्या पानात येत नाही. मुलगा म्हणतो की तेथे शाकाहारी जेवण वेगळे मिळते, पण त्यात नेमके काय असते हे त्याला सांगता येत नाही. दुसरी अडचण पाच वर्षांच्या नातवाची. गेल्या वर्षी जत्रेत दशावतार पाहताना संकासुर समोर आला तेव्हा तो माझ्या सदऱ्यात तोंड लपवून रडला होता, त्यामुळे तलवारी आणि भाले पाहून तो काय करील याची मला धास्ती वाटते. शिवाय सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यांचे गुडघे दुखतात आणि एका कानाला श्रवणयंत्र आहे. अशा मंडळींना घेऊन तेथे जावे काय, आणि जायचे ठरल्यास कोणत्या गोष्टी आधी पाहून ठेवाव्यात, हे ज्यांनी तो खेळ पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रत्नागिरीची माहेरवाशीण

काका, अवश्य जा. मी न्यू जर्सीतच राहते आणि आतापर्यंत दोनदा तेथे जाऊन आले आहे. एकदा सासूबाईंना घेऊन आणि एकदा रत्नागिरीहून आलेल्या माझ्या आईबाबांना घेऊन.

आधी जेवणाविषयी लिहिते, कारण खरी मेख तेथेच आहे. नेहमीच्या जेवणात टोमॅटोचे सूप, लसूण लावलेला पाव, भाजलेली कोंबडी, मक्याचे कणीस, बटाटा आणि शेवटी काहीतरी गोड असे पदार्थ ओळीने येतात. काटे, चमचे, सुऱ्या यांपैकी काहीही मिळत नाही, सर्व हातानेच खायचे असते, आणि सूप ज्या भांड्यात येते त्याला कान असतो, तो धरून आपण वाटीतले सार तोंडाला लावतो तसे ते प्यायचे. शेजारच्या रांगेतले अमेरिकन पाहुणे कोंबडी कशी धरावी या विवंचनेत असताना माझ्या वडिलांनी ती एका हाताने सोलून संपवलीसुद्धा होती. शाकाहारी पानात घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची भाजी आणि भात, त्याशिवाय छोल्यांची चटणी आणि तिच्याबरोबर पाव असे असते. ते तिकीट काढतानाच नोंदवावे आणि जागेवर बसल्यावर वाढणाऱ्या माणसाला पुन्हा सांगावे. पहिल्या खेपेला मी नोंदवायला विसरले होते, आणि समोर अर्धी कोंबडी आल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही. अर्थात तुमच्या सासूबाईंना त्या शाकाहारी पानाचाही फारसा उपयोग नाही. पावाला लसूण असते, छोल्यांच्या चटणीत ते असतेच, आणि तिकडच्या स्वयंपाकघरात दाण्यांची भाजी कांद्यावाचून होईल असे धरून चालू नये. शेवटचा गोड पदार्थ केकसारखा असल्यास त्यात अंडे असणार. तेव्हा निघण्यापूर्वी घरी त्यांचे पोटभर जेवण उरकून घ्या आणि तेथे त्यांच्यासाठी फळे मिळतील का एवढेच विचारा. डबा बरोबर नेण्याचा विचार मात्र करू नका, कारण अशा ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत.

आता वेळेविषयी. खेळ सुमारे दोन तासांचा असतो, परंतु दारे त्याच्या बरीच आधी, तासाभराहून अधिक आधी उघडतात. आत गेल्यावर प्रत्येकाला एका रंगाचा कागदी मुकुट देतात, आणि त्या रंगाचा जो स्वार असेल तो आपला, म्हणजे त्याच्या नावाने ओरडायचे आणि बाकीच्यांची हुर्यो उडवायची. एडिसनहून एरवी पाऊण तासाचा रस्ता आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर जी वाहने तुंबतात त्यांचा हिशेब आम्ही केला नव्हता. त्यामुळे धावतपळत आत शिरलो आणि अगदी कडेला, वरच्या रांगेत बसावे लागले. जागा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात आणि प्रत्येक पायरीवर लांबच लांब अरुंद मेज असते, म्हणून गुडघ्यांचे सांगून पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी जागा आधीच मागून घ्या. पुढच्या रांगांसाठी थोडे अधिक पैसे भरून तिकीट घेता येते. वय झालेल्या माणसाला नेताना ते पैसे वाया जात नाहीत. जाहीर दरावर कर वेगळा लागतो आणि वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के बक्षिशी द्यावी लागते, हेही मुलाला आधी हिशेबात धरायला सांगा. प्रवेश करताना तुमचे छायाचित्र काढतात आणि नंतर ते विकायला आणतात. ते घ्यायलाच हवे असे नाही. आम्ही संकोचापोटी घेतले आणि ते आजही कपाटावर धूळ खात आहे.

एक गोष्ट सांगून थांबते. मधल्या वेळात स्वार आपापल्या रंगाच्या प्रेक्षकांतील स्त्रियांकडे फुले फेकतात. तशा एका फुलाचा माझ्या सासूबाईंनी चक्क झेल घेतला, आणि ते अंबाड्यात माळून त्या उरलेला खेळभर ताठ बसल्या होत्या. त्यांनाही इंग्रजीचा गंध नाही.

निवृत्त इतिहास शिक्षक, खारेपाटण

नमस्कार. मी हा खेळ कॅनडात टोरांटो येथे मुलीसोबत पाहिला आहे. तेथेही याच मंडळींचा किल्ला आहे. त्यांची मूळ कल्पना स्पेनच्या मायोर्का बेटावरची, अमेरिकेतला पहिला किल्ला फ्लोरिडात १९८३ साली उघडला आणि लिंडहर्स्टचा १९९० साली. पूर्वी रिंगणावर राजाचा अंमल असे, अलीकडे काही वर्षांपासून तो मान राणीकडे आला आहे. आपल्या नातीला हे आवडेल.

कथा अकराव्या शतकातील स्पेनमध्ये घडते असे सांगितले जाते. नातवंडांना ते शतक जवळचे वाटावे म्हणून निघण्यापूर्वी त्यांना एवढे सांगा की त्याच शतकाच्या आरंभी, शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मध्ये, कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा रट्टराजाने दिलेला ताम्रपट आपल्या शेजारच्या खारेपाटणलाच सापडला आहे, आणि अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे आहे. मग रिंगणात भाले मोडू लागले की ‘त्या वेळी आपल्याकडे काय चालले होते’ हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र तेथील ताटावरून इतिहास शिकू नये. टोमॅटो, मका आणि बटाटा हे तिन्ही अमेरिका खंडातले असून कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला त्यानंतरच ते युरोपात आले. अकराव्या शतकातील स्पॅनिश सरदाराने यांतले काहीही पाहिले असणे शक्य नव्हते. त्यावर हसण्याचा अधिकार आपल्यालाही फारसा नाही म्हणा, कारण ज्या मिरचीवाचून आपले कालवण होत नाही आणि ज्या काजूवर आपली अर्धी बाजारपेठ उभी आहे ती दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांतून तिकडूनच आली, आणि रट्टराजाच्या काळी कोकणातल्या माणसाला तिखटासाठी मिरीसारख्या पदार्थांवरच भागवावे लागत असे. काट्याशिवाय जेवण्याची पद्धत मात्र त्यांनी बरोबर दाखवली आहे. तेव्हाच्या युरोपात जेवताना स्वतःची सुरी आणि बोटे वापरत, आणि ताटाऐवजी पुष्कळदा शिळ्या पावाचा जाड काप असे. दोन स्वारांनी समोरासमोर भाले रोखून धावण्याचा जो खेळ आपण पाहणार आहात, तो खरे तर पुढच्या शतकांत रुजला, आणि दोन घोड्यांची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये आडवे कुंपण घालण्याची पद्धत पंधराव्या शतकातली आहे.

‘नाइट’ (मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा) या शब्दासाठी या चर्चेच्या शीर्षकात ‘शिलेदार’ योजला आहे, त्याबद्दल एक मास्तरी दुरुस्ती सुचवतो. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तेथील घोडे कंपनीच्या मालकीचे असून टेक्सासातल्या तिच्याच पागेत त्यांतल्या पुष्कळांची पैदास होते, तेव्हा रिंगणात उतरणारे ते सहाही वीर काटेकोरपणे बोलायचे तर बारगीरच ठरतात. त्यांतले पुष्कळ घोडे अंदालुसियन जातीचे, मानेला बाकदार आणि आयाळीला दाट आहेत. खेळाच्या पूर्वार्धात एकटा घोडा एका जागी पाय उचलून तालात नाचतो, तो भाग मला तलवारबाजीपेक्षा सरस वाटला. त्याच सुमारास एक शिकारी पक्षी प्रेक्षकांच्या डोक्यांवरून घिरट्या घालतो. तो इतका खालून जातो की माझ्या मुलीने हातातले कणीस खाली ठेवले होते.

पेटीवाला, कुडाळ

देवगडकर, नातवाच्या भीतीबद्दल मी थोडे लिहितो, कारण दशावताराच्या पेटीवर अनेक वर्षे बसल्यामुळे रडणारी मुले मी रंगमंचावरून पुष्कळ पाहिली आहेत. मूल लढाईला क्वचितच भिते. अंधारातून अचानक अंगावर येणाऱ्या तोंडाला ते भिते. संकासुर काळा झगा घालून, लांब जीभ लोंबवत थेट मुलांच्या पुढ्यात येतो, त्यामुळे आपला नातू रडला यात नवल नाही. मुलाकडे दोन वर्षांपूर्वी गेलो असताना फ्लोरिडातला यांचा खेळ मी पाहिला. तेथे सारे काही वाळूच्या रिंगणात, कठड्यापलीकडे घडते आणि कोणी प्रेक्षकांत उतरून मुलांना भिववत नाही. मात्र तलवारीवर तलवार बसली की खऱ्या ठिणग्या उडतात, स्वार घोड्यावरून धाडकन कोसळतात, आणि आरंभी दिवे मालवून धूर सोडतात, तेवढा वेळ त्याला मांडीवर घ्यावे.

त्याची तयारी घरीच करता येईल. रणात कोण मरणार आणि कोण जिंकणार हे आख्यान लागण्यापूर्वीच ठरलेले असते, हे जसे आपल्याकडच्या पोरांना ठाऊक असते, तसेच येथेही ठरलेले आहे हे त्याला सांगा. पडलेला माणूस उद्या संध्याकाळी पुन्हा घोड्यावर बसणार आहे, हेही सांगा. लुटुपुटीच्या दोन काठ्या घेऊन आजोबांनी एकदा त्याच्या हातून मरून दाखवले तर निम्मे काम होईल. आमच्या मंडळीत नव्या पोरांची भीड अशीच मोडतात.

सासूबाईंना भाषा कळणार नाही याची चिंता करू नये. संवाद मोजके आहेत आणि कथानक तर इतके पातळ आहे की पेटी-पखवाजाशिवाय ते अर्धा तास उभे राहिले नसते, हे माझे प्रामाणिक मत. ज्याला रात्र रात्र आख्यान पाहण्याची सवय आहे त्याने तेथे नाट्याची अपेक्षा ठेवू नये. जत्रेला जातो तसे जावे, घोडे पाहावेत, आपल्या रंगासाठी ओरडावे. ते ओरडणे मात्र भयंकर असते. शेकडो माणसे एका वेळी मेजे बडवतात, म्हणून श्रवणयंत्राचा आवाज आत शिरण्यापूर्वीच कमी करून ठेवावा, आणि एक शाल न्यावी, कारण आतला गारवा आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेसारखा असतो.

हापूसवाला, देवगड

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाशी बोलणे झाले. शुक्रवार टाळून रविवारी दुपारचा खेळ निवडला असून खालची रांग आणि एक शाकाहारी पान अशी नोंदणी करायला त्याला सांगितले आहे. ते पान प्रत्यक्षात सूनबाई खाईल, सासूबाई घरूनच वरणभात जेवून निघतील. खारेपाटणच्या ताम्रपटाची गोष्ट नातीला दूरध्वनीवरून सांगितली, तेव्हा त्या राजाकडे किती घोडे होते असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झालो. गुरुजींना ठाऊक असल्यास कळवावे.

पेटीवाल्यांच्या सूचनेवरून काल अंगणात मी झावळीच्या देठाची तलवार घेऊन मरण्याचा सराव केला. पत्नी म्हणाली, गुडघे सासूबाईंचे दुखतात की तुमचे, हे आधी ठरवा.