पॉयसन भार शून्य का येतात?

प्रश्न: अंबडच्या कारखान्यात दोन सीएनसी मशीन. प्रत्येकाचा बिघाड ताशी ०.०१, दुरुस्ती ताशी २. ४०० तासांत दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता युनिफॉर्मायझेशनने काढतोय (सगळे बदल एकाच समान दराने, लॅम्डाने, होतात असं धरायचं आणि टी वेळात के बदल होण्याच्या पॉयसन शक्यता, म्हणजे ‘भार’, लावून बेरीज करायची), पण सगळे भार शून्य!

उत्तर: लॅम्डा म्हणजे सर्वांत मोठा दर, २ + ०.०१ = २.०१; टी ४०० तास, म्हणजे लॅम्डा-टी ८०४. ई चा उणे ८०४ वा घात डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या ६४ बिटी संख्येत) मावत नाही, इतका लहान की शून्यच होतो, आणि पुढचे भार त्यालाच गुणून येतात. सुरुवात के = ८०४ पासून करा. तिथे भार १ धरा. वर जाताना ८०४/(के+१), खाली येताना के/८०४ ने गुणा, शेवटी बेरजेने भागा. ६३० ते ९८० एवढी पदं पुरतात.

उत्तर: दरांच्या मॅट्रिक्समधली ‘दोन्ही बंद’ या अवस्थेची ओळ पूर्ण शून्य केलीत ना? तिथे दुरुस्तीचा दर राहिला तर त्या क्षणी बंद असण्याची शक्यता मिळेल, पहिल्यांदा बंद पडण्याची नव्हे. उत्तर ३.९ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. दोन्ही पहिल्यांदा एकत्र बंद पडेपर्यंतचा सरासरी वेळ १०,१५० तास.