सीनाकाठची जमीन खरडली, पंचनाम्यात मात्र फक्त पीक

प्रश्न (माढा तालुका)
सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेने आमच्या उसाबरोबर रानातील मातीही नेली. निम्म्या गटात मुरूम उघडा पडला असून उरलेल्या भागात गुडघाभर गाळ बसला आहे. पंचनाम्यात मात्र ‘बागायत पीक’ एवढीच नोंद आहे. शासनाच्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी तरतूद होती. ती मिळण्यासाठी काय करावे? सातबारा चार भावांचा सामाईक आहे.

उत्तर १ (निवृत्त तलाठी)
पीक आणि जमीन ही दोन वेगळी नुकसाने आहेत आणि त्या पॅकेजमध्ये त्यांचे दरही वेगळे होते. बागायत पिकासाठी हेक्टरी १७,००० रुपये, खरडून गेलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपये, तर तीन इंचांहून जाड गाळ साचला असल्यास तो काढण्यासाठी १८,००० रुपये. त्यामुळे तहसीलदारांकडे गटनिहाय लेखी अर्ज करून फेरपाहणी मागावी आणि खरडलेले क्षेत्र व गाळाचे क्षेत्र वेगवेगळे नोंदवून घ्यावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. फेरपाहणी होईपर्यंत रानात जेसीबी घालू नये. घालणे भागच असेल, तर आधी बांध आणि गाळाची जाडी दिसेल अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. जमिनीची मदत मुळात अल्पभूधारकांसाठी असल्याने प्रत्येक भावाच्या हिश्श्याचे क्षेत्र अर्जात स्पष्ट लिहावे.

उत्तर २ (मोहोळ)
सामाईक खात्यात बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. आमच्याकडे एक भाऊ पुण्याला असल्याने त्याच्या सहीसाठीच सर्वांची रक्कम अडकली होती. (पूर ओसरतो, भाऊबंदकी ओसरत नाही.) चौघांचेही फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधी तपासून घ्या.

उत्तर ३
त्याच पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी मनरेगातून (रोजगार हमी योजनेतून) हेक्टरी ३ लाख रुपयांची जी घोषणा झाली, ती रोख मदत समजू नये. तो निधी कामापोटी मिळायचा असतो. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम बसवावे लागते, मजुरांची जॉब कार्डे लागतात आणि या योजनेत मजुरांच्या जागी यंत्रे वापरता येत नाहीत. माझ्या मते घोषणेतील कच्चा दुवा हाच आहे, कारण एकरभर मुरमावर पुन्हा माती पसरणे हे टिकाव-फावड्याचे काम नव्हे. तरीही बांधबंदिस्ती त्यातून होऊ शकते, म्हणून ग्रामसेवकांकडे मागणी अवश्य नोंदवावी.

विहीर बुजली असल्यास तिचा पंचनामा निराळा करून घ्यावा. त्यासाठी प्रति विहीर ३०,००० रुपये जाहीर झाले होते.