हॉलच्या स्टेजसाठी लाइट घ्यायचेत, 24 पार आणि 8 बीम एवढं पुरेल का?

पडदा_उघडा

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या हॉलचं काम संपत आलंय आणि आता स्टेजच्या लाइटचं ठरवायचंय. समितीने हे माझ्याकडे दिलं कारण मी नाटकात काम करते, पण लाइटमधलं मला रंगमंचावर उभं राहून जेवढं जाणवतं तेवढंच कळतं, तांत्रिक काहीच माहीत नाही.

स्टेज 10 मीटर रुंद आणि 6 मीटर खोल आहे. प्रेक्षकांच्या डोक्यावर एक पाइप आहे, स्टेजच्या कडेपासून 7 मीटर लांब आणि स्टेजच्या फळीपासून साडेपाच मीटर उंच. तेवढ्याच उंचीवर स्टेजवर दोन बार आहेत, एक कडेपासून 1 मीटर आत आणि दुसरा साडेचार मीटर आत. मागे पूर्ण रुंदीची एलईडी वॉल लागणारे. कार्यक्रम सगळ्या प्रकारचे होतात, भाषणं, बक्षीस समारंभ, नाच, गाणी, अधूनमधून नाटक, आणि जवळपास सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग असतं.

कोटेशनमधली यादी अशी आहे: 24 एलईडी पार (डब्यासारखे पसरट उजेडाचे लाइट, 3 वॉटचे 54 एलईडी, आरजीबी म्हणजे लाल-हिरवा-निळा), 8 मूव्हिंग हेड बीम (फिरणारे, बारीक झोताचे), एक फॉग मशीन, एक कन्सोल (लाइट चालवायचा बोर्ड). सगळे लाइट स्टेजवरच्या दोन बारवर. डेमोला हॉल अंधारा करून बीम फिरवले तेव्हा समितीतले सगळे खूश झाले. मग मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि मैत्रिणीला शेवटच्या रांगेतून बघायला लावलं तर ती म्हणाली चेहरा दिसतच नाहीये, निळी जांभळी आकृती दिसतेय फक्त. तेव्हापासून मन लागत नाहीये. यादीत काय बदलायला सांगू? बजेट वाढणार नाही, आहे त्यातच अदलाबदल करायचीय. आणि हो, जुन्या हॉलमधले 1000 वॉटचे 6 हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडेचा उजेड देणारे भिंगाचे लाइट) चालू स्थितीत पडून आहेत, ते काढून टाका म्हणतायत.

विंगेतून_प्रकाश

ताई, फ्रेनेल अजिबात काढू देऊ नका, त्यांच्याकडे नंतर येतो. आधी मुख्य गोष्ट, या यादीत पुढून येणारा एकही लाइट नाहीये. प्रेक्षकांवरचा पाइप रिकामा आणि 32 दिवे स्टेजवर, म्हणजे डोकं, खांदे, जमीन उजळणार आणि डोळे, ओठ काळोखात. भाषण असो की नाटक, माणूस चेहऱ्यावरून ऐकतो असं मी म्हणेन, ओठ दिसले नाहीत की शब्दही नीट पोचत नाहीत.

लाइट कुठला घ्यायचा हे शेवटी ठरवा. आधी तो कुठे टांगणार, तिथून चेहरा किती लांब आणि प्रकाश किती कोनात पडणार हे बघा, कारण त्या तीन गोष्टी कळल्या की निम्मे पर्याय आपोआप गळतात. तुमच्या मापांवरून सांगतो. पाइप 7 मीटरवर, माणूस स्टेजच्या कडेपासून 2 मीटर आत उभा धरला तर आडवं अंतर 9 मीटर, चेहरा फळीपासून दीड मीटरवर म्हणजे उभा फरक 4 मीटर. तिरकं अंतर जवळजवळ 10 मीटर आणि कोन 24 अंशाच्या आसपास. चेहऱ्यासाठी 45 अंशाच्या जवळपासचा कोन चांगला मानतात, त्याहून फार उभा झाला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि फार आडवा झाला की चेहरा सपाट दिसतो, वक्त्याच्या डोळ्यावर येतो आणि सावली मागच्या वॉलवर जाते. तुमचा पाइप आडव्या बाजूला झुकतोय पण वापरता येतो.

आता 10 मीटरवरून प्रकाशाचं वर्तुळ किती मोठं पडेल ते लाइटच्या बीम अँगलवर, म्हणजे झोत किती अंशांत पसरतो त्यावर आहे. सोपा हिशोब, अंतराला 19 अंशासाठी 0.33 ने गुणा, 26 अंशासाठी 0.46, 36 साठी 0.65, 50 साठी 0.93. म्हणजे 26 अंशाचा लाइट 10 मीटरवर 4.6 मीटरचं वर्तुळ देतो. तुमच्या 10 मीटर रुंदीचे तीन भाग केले तर प्रत्येक भाग नीट झाकला जातो आणि शेजारची वर्तुळं एकमेकांवर चढतात, जे हवंच असतं, नाहीतर नट चालताना मधेच काळोखात शिरतो. प्रत्येक भागाला डावीकडून एक आणि उजवीकडून एक, म्हणजे 6 लाइट. ही दोन बाजूंनी तिरका प्रकाश टाकायची पद्धत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनले मॅककँडलेसने 1930 च्या दशकात मांडली, तो एका बाजूने थोडा उबदार आणि दुसऱ्या बाजूने थोडा थंड रंग वापरायचा, त्यामुळे चेहऱ्याला गोलाई येते. अजूनही चालते.

हे 6 लाइट पार नकोत, प्रोफाइल हवेत (काही जण एलिप्सॉइडल म्हणतात). कारण तुमची एलईडी वॉल. पारचा प्रकाश कडेला पसरत जातो, वॉलवर पडला की वॉलवरचं चित्र फिकट होतं. प्रोफाइलमध्ये चार शटर असतात, पात्यांनी प्रकाश हवा तिथे कापता येतो. 2 मीटर आत उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाणारा किरण तुमच्याकडे वॉलच्या अगदी तळाशी पोचतो, म्हणजे वरची कड शटरने तिथे कापली की वॉल स्वच्छ राहते.

2 मीटरच्या मागे जे उभे राहणार त्यांना या पाइपवरून प्रकाश देऊच नका, दिला की तो वॉलवर चढणारच. त्यांच्यासाठी स्टेजवरचा पहिला बार, आणि तिथे तुमचे जुने फ्रेनेल! साधारण पन्नास पंचावन्न अंशाचा कोन मिळेल, अंतर जेमतेम 5 मीटर, मऊ कडा, बार्न डोअर (लाइटच्या तोंडावरच्या पत्र्याच्या झडपा) लावून मागची बाजू थोडी झाकायची. फ्रेनेलची भिंग 1822 च्या सुमाराला दीपगृहासाठी बनलेली आणि आजही कातडीवर पडणारा तो मऊ प्रकाश बघितला की मला त्याला पर्याय सापडत नाही. बल्ब जाईपर्यंत वापरा.

ट्रस_आणि_धूर

वरच्या बहुतेक गोष्टी पटल्या, फक्त मूव्हिंग हेडला कुणी एकदम काट मारू नये म्हणून लिहितोय. नाच आणि गाण्यांचे कार्यक्रम असतील तर हवेतल्या प्रकाशाने जो माहोल बनतो तो प्रोफाइलने बनत नाही, प्रेक्षकही तेवढ्यासाठी येतो. पण 8 बीम मात्र नकोत. बीमचा कोन 2-3 अंशांचा, 10 मीटरवर जेमतेम अर्ध्या मीटरचा ठिपका, त्याने ना चेहरा उजळतो ना स्टेज, फक्त रेघा दिसतात. त्यापेक्षा 4 घ्या आणि झूमवाले घ्या, वॉश (मऊ पसरट उजेडाचे) किंवा स्पॉट (ठळक कडेचे), म्हणजे नाचाला फिरतील आणि समारंभाला रुंद करून बॅकलाइट म्हणून उभे राहतील. स्थिर कामही करणारा लाइट हॉलला परवडतो.

आणि फॉग मशीनऐवजी हेझर. रेघा दिसायला हवेत काहीतरी तरंगत असावं लागतं. फॉग झोत मारून ढग करतो, पुढच्या रांगा खोकायला लागतात आणि दोन मिनिटांत विरतो, हेझर पातळ एकसारखा थर ठेवतो. घेण्याआधी हॉलच्या स्मोक डिटेक्टरचं मात्र विचारून घ्या, कुठल्या प्रकारचे आहेत आणि हेझने वाजतील का, हे अग्निसुरक्षेवाल्यांकडून लेखी घ्या.

नाटक होतं म्हणालात तर अजून एक, मूव्हिंग हेडच्या पंख्याचा आवाज. शांत प्रवेशात डोक्यावर चार पंखे घोंघावत असतील तर तुम्हालाच त्रास होईल. हॉल रिकामा असताना सगळे चालू करून पहिल्या रांगेत बसून ऐका.

पडदा_उघडा

खूप खूप आभार, पहिल्यांदाच चित्र डोळ्यासमोर आलं. पार बद्दल विचारायचं होतं, 54 बाय 3 म्हणजे 162 वॉट, कोटेशनवाले म्हणतात जुन्या 1000 वॉटच्या पारएवढा उजेड. हे खरं धरायचं का? आणि पांढरा प्रकाश त्यांनी तीन रंग मिसळून दाखवला तेव्हा माझ्या मैत्रिणीचा चेहरा आजारी वाटत होता, तो कॅमेऱ्यात ठीक दिसेल का?

तिसरा_कॅमेरा

कॅमेऱ्यात अजून वाईट दिसेल. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात मधल्या छटा जवळजवळ नसतातच, आणि माणसाच्या कातडीचा रंग नेमका त्या छटांत असतो. चेहऱ्यावर येणारे लाइट वॉर्म व्हाइट किंवा अंबर, लाइम असे जास्तीचे रंग असलेले घ्या, पारसुद्धा किमान आरजीबीडब्ल्यू, म्हणजे तीन रंगांसोबत वेगळा पांढरा असलेले. चेहऱ्याच्या लाइटचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर मागा. शिवाय आरजीबीचे सुटे सुटे एलईडी असलेल्या पारने सावलीच्या कडेला लाल हिरव्या झालरी येतात, त्या पडद्यावर फार दिसतात.

कलर टेंपरेचर (पांढरा प्रकाश पिवळसर की निळसर, हे केल्विनमध्ये मोजतात) जुळवा. हॅलोजन फ्रेनेल 3200 केल्विन, म्हणून पुढचे प्रोफाइल पण 3200 च्या आसपास नेता आले पाहिजेत. वक्ता दोन पावलं मागे गेला आणि निळ्याचा पिवळा झाला असं होता कामा नये, आम्ही व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते) एकदाच लावतो. फ्रेनेल डिम केले की अजून पिवळे होतात हेही धरून चाला.

फ्लिकर तपासायची युक्ती सांगतो. लाइट 10-20 टक्क्यांवर आणा, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा आणि पट्ट्या सरकतायत का बघा. स्वस्तातले एलईडी पूर्ण उजेडावर ठीक असतात आणि डिम केले की उघडे पडतात, कारण ते मंद होण्यासाठी भराभर चालू-बंद होत असतात आणि तो वेग कमी असला की कॅमेरा पकडतो. डेमोला सगळे फुल करून दाखवतात, म्हणून हे मुद्दाम करायला लावा.

विंगेतून_प्रकाश

वॉटचं बोलायचं तर वॉट म्हणजे लाइट किती वीज खातो, उजेड किती देतो ते नव्हे. आणि 54 बाय 3 मध्ये तर 3 वॉट हा एलईडीचा वर्ग असतो, प्रत्यक्षात तेवढ्यावर चालवतातच असं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये दोन आकडे शोधा, एकूण पॉवर कन्झम्पशन आणि अमुक मीटरवर अमुक कोनात किती लक्स, म्हणजे तिथे किती उजेड पडतो. लक्सचा आकडा कुठल्या अंतरावरचा ते नक्की वाचा, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे 5 मीटरवर 1600 लक्स लिहिलं असेल तर तुमच्या पाइपवरून चेहऱ्यावर 400 च पडणार. अंतर न देता नुसता लक्सचा आकडा दिला असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

नाटकासाठी अजून एक गोष्ट मागा, डिमिंग गुळगुळीत हवं. प्रवेश संपताना सावकाश काळोख करताना शेवटच्या टप्प्यात लाइट पायऱ्या उतरल्यासारखा टक टक करत विझला तर सगळा क्षण फुकट जातो. 16 बिट डिमिंग (उजेडाच्या खूप बारीक पायऱ्या) असेल तर हे बरंच टळतं. शून्यापर्यंत हळूहळू उतरवून स्वतः बघा.

फेज_न्यूट्रल

विजेचं आणि टांगण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे आधी ठरतं मग बाकी. 6 फ्रेनेल म्हणजे 6000 वॉट, 230 व्होल्टवर 26 अँपिअर, 16 च्या एका सर्किटवर ते जाणार नाहीत, तीन तीन करून दोन सर्किटवर घ्या, प्रत्येकी 13 अँपिअर. त्यांना डिमर पॅक (उजेड कमी-जास्त करणारा खोका) लागेल. आणि एलईडी किंवा मूव्हिंग हेड कधीही डिमरच्या आउटपुटला लावायचे नाहीत, त्यांना सरळ सप्लाय, नाहीतर आतला पॉवर सप्लाय जातो. हे हॉलच्या बोर्डवरच लिहून चिकटवा कारण पुढे कोण येऊन काय जोडेल सांगता येत नाही.

डीएमएक्सच्या (कन्सोलवरून लाइटना हुकूम नेणाऱ्या) एका लाइनवर 512 चॅनल मिळतात पण एका वायरवर उपकरणं 32 पर्यंतच धरायची. तुमच्या मूळ यादीत 24 आणि 8 मिळून बरोब्बर 32 होत होते, त्यात प्रोफाइल घातले की लाइन ओव्हरलोड. म्हणून स्प्लिटर (एका लाइनचे वेगळे फाटे करणारी पेटी) घ्या, पुढच्या पाइपची लाइन वेगळी आणि स्टेजची वेगळी. वाय केबल करून फाटे फोडायचे नाहीत, एकातून दुसऱ्यात असंच न्यायचं आणि शेवटच्या लाइटला 120 ओहमचा टर्मिनेटर (लाइनचं शेवटचं टोक बंद करणारा प्लग). माइकची केबल प्लगमध्ये बसते म्हणून वापरतात, ती वापरू देऊ नका, कार्यक्रमाच्या मधेच लाइट आपोआप लुकलुकायला लागतात आणि मग दोष कुठे ते शोधत बसायचं.

प्रेक्षकांच्या डोक्यावर जे काही टांगाल त्याला क्लँपशिवाय वेगळी स्टीलची सेफ्टी वायर हवीच, फ्रेम, बार्न डोअर यांनासुद्धा. पाइप किती वजन पेलतो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय एकही लाइट चढवू नका. मूव्हिंग हेड फिरताना झटके देतात, नुसतं वजन मोजून भागत नाही.

पडदा_उघडा

आज बोलणं झालं. नवी यादी अशी मागितलीय: पुढच्या पाइपवर 26 अंशाचे 6 एलईडी प्रोफाइल, 3200 ते 5600 बदलता येणारे. पहिल्या बारवर आपलेच 6 फ्रेनेल, त्यांना डिमर पॅक. मागच्या बारवर 12 आरजीबीडब्ल्यू पार आणि 4 झूमवाले वॉश. हेझर, दोन फाट्यांचा स्प्लिटर. बार आणि पाइपच्या वजनाचं पत्र इंजिनिअरकडून येतंय. समितीतल्या एकदोघांचा चेहरा पडला बीम गेले म्हणून, तर त्यांना म्हटलं परत डेमो घेऊ आणि मग बोलू. डेमोला अजून काय करायला लावू?

ट्रस_आणि_धूर

एलईडी वॉल किंवा तिच्या जागी मोठा स्क्रीन चालू ठेवूनच डेमो घ्या. आणि समितीतल्यांनाच एकेक करून स्टेजवर उभं करा, गोरे, सावळे, चष्मेवाले सगळे, बाकीचे शेवटच्या रांगेत. चष्म्यात पुढच्या लाइटची चमक येते का तेही तिथेच कळेल, आली तर त्या बाजूचा प्रोफाइल पाइपवर थोडा बाहेर सरकवून बघा.