मदत हवी आहे: ग्लास इपॉक्सीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कमी का येतोय?

नमस्कार. डिप्लोमाच्या मुलांसाठी इन्सुलेटरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हवेच्या जागी तो पदार्थ ठेवला की कपॅसिटी किती पट होते तो आकडा) मोजायचं प्रॅक्टिकल बसवतोय. आठ दिवस एकाच जागी अडकलोय.

50 मिमी व्यासाची पितळी चकती लेथवर करून घेतली, भोवती गार्ड रिंग (कडेचं विद्युत क्षेत्र मोजमापात येऊ न देणारी वेगळी कडी), खाली मोठी प्लेट. कपॅसिटी मोजायला एलसीआर मीटर 1 किलोहर्ट्झवर, ओपन-शॉर्ट करेक्शन (वायरींचा परिणाम वजा करणं) रोज करतो. टेफ्लॉन आणि ग्लास इपॉक्सी (काचेचं कापड आणि इपॉक्सी रेझिनची शीट), दोन्ही शीट 1.5 मिमी, मायक्रोमीटरने पाच ठिकाणी तपासल्या. एवढ्या अंतरात नुसती हवा धरली तर हिशेबाने 11.6 पिकोफॅरड येतात. टेफ्लॉन ठेवलं की 22.8, म्हणजे कॉन्स्टंट 1.97, पुस्तकात 2.1. एवढं चालवून घेतलं असतं. पण ग्लास इपॉक्सी 47.1 दाखवतं, म्हणजे 4.06. यायला हवं 4.7च्या आसपास. वर वजन ठेवलं की आकडा थोडा चढतो, काढलं की उतरतो.

मीटर चुकत असेल तर दोन्हीकडे सारखंच चुकायला नको का? मुलं पुस्तकातला आकडा बघून जर्नलमधलं रीडिंग मागून जुळवतात. या टेबलावर मला ते होऊ द्यायचं नाही. कुणी हे हाताने केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
सर, वजनाने आकडा चढतो यातच उत्तर आहे. चकती आणि शीटमध्ये हवा राहतेय. 1.5 मिमी इपॉक्सी म्हणजे कपॅसिटीच्या हिशेबात जेमतेम 0.32 मिमी हवा. त्यात 0.05 मिमी फट घातली की सहावा हिस्सा वाढला. टेफ्लॉन 0.71 मिमी हवेइतकं, तिथे तीच फट चौदावा हिस्सा. म्हणून इपॉक्सी जास्त घसरतं. शीटच्या दोन्ही बाजूंना पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, फॉइलखाली पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात. वरच्या फॉइलमध्ये चकती आणि रिंगच्या मधली गोल फट कापायला विसरू नका, नाहीतर गार्ड शॉर्ट होईल. जेली बोटाने मधून बाहेर दाबत न्या, बुडबुडा राहता कामा नये.

धागाकर्ता
मनापासून आभार! फॉइल लावून इपॉक्सी 54.2, म्हणजे 4.67. टेफ्लॉन 2.09. आता मुलांना आधी फॉइलशिवाय मोजायला लावणार, फट किती ते त्यांनीच काढायचं.

अजून एक. हायलमच्या (फिनॉलिक रेझिनच्या) शीटचा टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेटरमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप, या पावसात रोज वेगळा येतोय. ओव्हनमध्ये सुकवून लगेच मोजला की निम्म्यावर उतरतो, तासाभरात पुन्हा चढायला लागतो. सुकवल्यावर डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणारं द्रव्य असलेल्या बंद भांड्यात) थंड करायची ना?

प्रतिसाद १
हो, त्यातच. आणि रीडिंगशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहायला लावा.