मदत हवी आहे: लाल शालूच्या घड्या फोटोत दिसत नाहीत (कॅनन २००डी मार्क टू)

कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू, १८-५५ लेन्स, एव्ही मोड (लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), फक्त जेपेग (कॅमेऱ्यातच तयार होणारी फोटोफाइल). पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातला रंग-उजेडाचा तयार साचा) स्टँडर्ड, कॉन्ट्रास्ट +१, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) +३. घरातल्या पिवळ्या दिव्यांत लाल शालूच्या घड्या आणि पोत जातो, नुसता लाल ठिगळासारखा भाग उरतो. चेहरे ठीक येतात. फोकस बरोबर आहे, ब्राइटनेसचा हिस्टोग्रामही (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) उजवीकडे टेकत नाही. शिवाय हेच फोटो मोबाइलवर फिकट दिसतात. नेमकं काय बदलू?

प्रतिसाद १
लाल चॅनेल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल थर) भरून वाहतोय. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते. घडीचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग दोन्ही २५५ला पोचले, की फरक उरणार कुठून? ब्राइटनेसच्या आलेखात हिरव्याचं वजन सर्वांत जास्त, म्हणून तो फसवतो. फोटो पाहताना आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचे वेगळे आलेख) उघडा. लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल.

मेन्यूत पिक्चर स्टाइलमध्ये यूजर डेफ. १ (स्वतःच्या सेटिंगची जागा) निवडा, इन्फो दाबा, मूळ स्टाइल न्यूट्रल ठेवा. सॅच्युरेशन ०, कॉन्ट्रास्ट -१. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) -२/३पासून सुरू करा आणि लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत खाली या. लक्षात घ्या, न्यूट्रलचं ० आणि स्टँडर्डचं ० एक नव्हे. आकडे त्या त्या स्टाइलच्या आत मोजले जातात. ए प्लस या पूर्ण ऑटो मोडमध्ये पिक्चर स्टाइल निवडता येत नाही.

प्रतिसाद २
व्हाइट बॅलन्सही (दिव्याच्या रंगाची भरपाई करणारं सेटिंग) बघा. डेलाइटवर असेल तर पिवळा दिवा लालात आणखी भर घालतो. टंगस्टन (पिवळ्या बल्बसाठीचं) लावा, किंवा ऑटोमध्ये व्हाइट प्रायॉरिटी (पिवळी झाक कमी करणारा पर्याय). हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू केली तर?

प्रतिसाद १
इथे तिचा फारसा उपयोग नाही. ती उजळ भागांसाठी आहे, गडद रंगाच्या अतिरेकासाठी नाही. ती चालू असताना आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००च्या खाली नेता येत नाही आणि सावल्यांत दाणे वाढतात.

प्रतिसाद ३
मोबाइलवरच्या फिकेपणाचं कारण वेगळं असावं. फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू होतं का? तसं असेल तर कलर स्पेस (फाइलमधले रंग मोजायची पद्धत) अडोबी आरजीबीवर आहे. ती एसआरजीबी या सर्वसाधारण पद्धतीवर करा. फोटो फक्त फोनवर पाठवायचे असतील तर दुसरं काही लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
हो, नाव अंडरस्कोरनेच सुरू होतं! रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढलं तर स्टाइलची कटकट संपेल ना?

प्रतिसाद १
बरीचशी. रॉमध्ये स्टाइल म्हणजे फक्त एक चिठ्ठी. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर ती वाचतं आणि तिथे स्टाइल नंतरही बदलता येते. अडोबीच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलमधून कॅमेरा मॅचिंग (कॅमेऱ्याच्या स्टाइलसारखे रंग) निवडावं लागतं, आणि तुमचं +३ तिथे येत नाही. मात्र मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ काढतानाही स्टाइल लावलेल्या जेपेगचाच असतो. म्हणून रॉसाठीही न्यूट्रलच ठेवा.