मदत हवी आहे: घटस्फोट झालेला नाही, बाळ दुसऱ्याचं. कागदोपत्री वडील कोण? (सोलापूर)

बाळीवेसकर:
ओळखीतल्या एका बाईंसाठी विचारतोय. लग्न 2018 चं, हिंदू पद्धतीने. जानेवारी 2023 पासून त्या माहेरी सोलापुरात, नवरा भिवंडीला लूमवर. मध्ये चार माणसं बसवून स्टँपवर सोडचिठ्ठी केली, नोटरीचा शिक्काही आहे. कोर्टात कोणीच गेलेलं नाही. आता दुसऱ्या माणसासोबत राहतात. सहावा महिना चालू आहे, पहिल्या सोनोग्राफीत 20 मार्च 2026 ही तारीख दिली आहे. तो माणूस बाळाला नाव द्यायला तयार आहे, नवराही भांडखोर नाही. दवाखान्यात वडिलांचं नाव काय सांगायचं? डीएनए केला तर पुरेल का? आणि पोलीस केसची भीती कितपत?

ॲड_पार्कचौक:
आधी ती सोडचिठ्ठी बाजूला ठेवा. स्टँप शंभराचा असो की पाचशेचा, नोटरीच्या शिक्क्याने हिंदू लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) मध्ये रूढीतल्या काडीमोडीला जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात जुनी आणि अखंड आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जण आपटतात. म्हणजे आजच्या घडीला बाई कायद्याने पहिल्याचीच बायको.

आता मुख्य गोष्ट. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 116 (1 जुलै 2024 पूर्वीचं एव्हिडन्स ॲक्टचं कलम 112). वैध लग्न चालू असताना, किंवा लग्न संपल्यापासून 280 दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचं औरस, म्हणजे कायदेशीर लग्नातलं, मूल असल्याचा तो निर्णायक पुरावा. हे खोडायची वाट एकच: गर्भ राहण्याच्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती हे दाखवणं. ‘एकत्र आले नाहीत’ आणि ‘येऊच शकत नव्हते’ यात फरक आहे आणि निम्मे दावे याच फरकावर पडतात. धर्म कोणताही असो, कलम तेच.

हे कलम बघतं जन्माची तारीख, गर्भ कधी राहिला ती नाही. म्हणून तुमच्याकडे दोन रस्ते आहेत.

पहिला, प्रसूतीआधीचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट. सहा महिन्यांची थांबण्याची अट कोर्ट माफ करू शकतं (सर्वोच्च न्यायालय, 2017, अमरदीप सिंग). त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी वगैरे देणंघेणं मिटलेलं हवं. यांचं वेगळं राहणं तीन वर्षांच्या घरात आहे. पहिल्या मोशननंतर, म्हणजे दोघांनी मिळून केलेला अर्ज कोर्टापुढे पहिल्यांदा आल्यावर, आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं (कौटुंबिक न्यायालय कायदा, कलम 19(2)), त्यामुळे हुकूमनामा हातात आला की लगेच दुसरं लग्न करायला मोकळे. ते लग्न प्रसूतीआधी विधिवत झालं आणि नोंदलं, तर बाळ दुसऱ्या वैध लग्नात जन्मलेलं ठरतं आणि तेच कलम 116 आता खऱ्या बापाच्या बाजूने उभं राहतं. विशेष विवाह कायद्याने करायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते, तेवढे दिवस हाताशी नसतील तर हिंदू पद्धतीने करा.

मार्चपर्यंत हे बसवणं ओढाताणीचं आहे, हे आधीच सांगतो. नवरा दोन वेळा हजर राहायला हवा.

दुसरा रस्ता, प्रसूतीनंतरचा: कौटुंबिक न्यायालयात औरसतेबद्दल घोषणा मागणं (कौटुंबिक न्यायालय कायदा, कलम 7, स्पष्टीकरण (ई)). तो लांबचा आहे.

पोलिसांचं म्हणाल तर व्यभिचार 2018 पासून गुन्हा नाही. पण घटस्फोटाआधी कुठल्या देवळात माळा घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 मध्ये दुसऱ्या लग्नाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वर ते लग्न रद्दबातलच.

सातरस्ता:
एवढा घोळ कशाला? पुण्यात खासगी लॅबला डीएनए करा, रिपोर्ट जोडा, काम झालं.

नमुना_सीलबंद:
काम होत नाही. घरून गालाचा स्वॅब पाठवून आलेल्या रिपोर्टवर ‘ही लाळ कोणाची’ याचाच पुरावा नसतो. कोर्टाच्या आदेशाने होतं तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर ओळख पटवून, फोटो लावलेल्या फॉर्मवर सही-अंगठा घेऊन, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) बाटलीत दोन-तीन मिली रक्त घेतात, साक्षीदारांसमोर सील करतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. आई, बाळ आणि बाप तिघांचेही नमुने द्या. आई नसेल तर हिशेब जमतो, पण कच्चा राहतो. सीलचा नमुना आणि फॉर्मवरचा शिक्का जुळला नाही, की सगळं पहिल्यापासून.

विज्ञान मात्र पक्कं आहे: बाळ आणि बाप यांच्या डीएनएतल्या तपासलेल्या जागांपैकी एकदोन जागी मेळ बसला नाही तर तो उत्परिवर्तनाचा (डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलाचा) भाग असू शकतो, तीन किंवा जास्त जागी बसला नाही तर बाप नाही. अडचण कायद्याची आहे.

ॲड_पार्कचौक:
बरोबर. 1993 च्या गौतम कुंडू निकालापासून नियम असा की संधी नव्हती हे प्रथमदर्शनी भक्कम दिसल्याशिवाय कोर्ट रक्त तपासायचा आदेश देत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए वरचढ मानला खरा, पण तिथे अहवाल आधीच रेकॉर्डवर होता. जानेवारी 2025 च्या इव्हान रथिनम निकालाने परत स्पष्ट केलं: औरसता ठरली की पितृत्व ठरलं, नवऱ्याला संधी होती तर त्याच काळात दुसऱ्याचाही संबंध होता म्हणून गृहीतक मोडत नाही. त्या प्रकरणात दुसऱ्या माणसाकडून पोटगी मागणारा मुलगा तिथेच हरला. म्हणून आधी संधी नसल्याचा पुरावा, मग डीएनए. उलटं केलंत तर अर्ज फेटाळला जातो आणि तो आदेश पुढे कायम आडवा येतो.

तुमच्या तारखांवर बोलू. 20 मार्चमधून 280 दिवस वजा केले की 13 जून 2025, पाळीचा पहिला दिवस. गर्भ साधारण 27 जूनच्या आसपास. दोन्हीकडे मोकळीक धरून 10 जून ते 15 जुलै हा काळ पकडा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीच जपून ठेवा, शेवटच्या महिन्यांतल्या स्कॅनवरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडे हलते.

त्या पाच आठवड्यांत नवरा कुठे होता? ‘भिवंडीत होता’ एवढ्याने भागत नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल: रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी सोलापूर, मग संधी नव्हती कशी? म्हणून रोजचा माग लागतो. लूमचं मस्टर किंवा पाळीचं रजिस्टर, मालकाची साक्ष, एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार, शेजारी. मोबाईलचा सीडीआर (कॉलची नोंद) कंपन्या दोन वर्षं ठेवतात, कोर्टाकरवी वेळेत मागवा. चॅट द्यायचं असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं. नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत. तो आखातात किंवा तुरुंगात असता तर पासपोर्टचे शिक्के नाहीतर तुरुंगाची नोंद, एका कागदात विषय संपला असता.

नवऱ्याने ‘मूल माझं नाही’ असं शपथेवर दिलं तर मदत होते, पण तेवढ्यावर हुकूमनामा मिळत नाही. हक्क बाळाचा आहे, आईबापांनी आपसात सोडून द्यायचा नाही. दाव्यात नवरा, आई, दुसरा माणूस आणि बाळ चौघेही हवेत. बाळासाठी आईपेक्षा वेगळा, हितसंबंध नसलेला पालक नेमून घ्या.

नोंदवही:
जन्मनोंदीचं मी सांगतो. सिव्हिलला किंवा खासगीत, कुठेही बाळंत झालं तरी माहिती दवाखानाच महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाला देतो, 21 दिवसांत. म्हणजे केसपेपर काढताना खिडकीवर जे नाव सांगाल तेच खाली उतरतं. मग ‘चुकून लागलं’ म्हणून आलेल्यांना नुसत्या प्रतिज्ञापत्रावर वडील बदलून मिळत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्ती होते ती समासात, मूळ नोंद तशीच राहते, आणि वडिलांच्या बाबतीत आम्ही कोर्टाचा हुकूमनामाच मागतो.

लग्न पहिल्याशी चालू असताना दुसऱ्याला ‘पती’ म्हणून लिहून देऊ नका, ती खोटी माहिती ठरते. बाळाचं नाव मात्र कोरं ठेवता येतं: 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. नाव ठरलं नाही म्हणून नोंदच लांबवणं मात्र महागात पडतं. वर्षानंतर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे, त्यामुळे वडिलांचा रकाना शाळेपर्यंत पाठ सोडत नाही. आणि दाखल्यावरचं नाव म्हणजे पितृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे, हेही त्या माणसाला सांगा.

बाळीवेसकर:
फार उपयोगी. नवरा संमतीच्या अर्जावर सही करेल असं वाटतं. वकील लावायला पैसे बेताचेच आहेत. अर्जात गरोदरपण लिहायचं की नाही? एकाने ‘गप्प बसा’ सांगितलं.

ॲड_पार्कचौक:
गप्प बसायचं नाही. लपवलं तर फसवणुकीच्या मुद्द्यावर हुकूमनामाच धोक्यात येतो, आणि ज्यासाठी खटाटोप केला ते लग्नही.

टायपिस्टकडच्या ठरलेल्या मसुद्यात दोन ओळी असतात, त्या स्वतः वाचा. एक, ‘उभयतांना अपत्य नाही’. तिथे गरोदरपणाचा उल्लेख, सोनोग्राफीची तारीख आणि हे बाळ या विवाहापासूनचं नाही असं दोघांचं स्पष्ट कथन हवं. दुसरी, ‘दिनांक अमुकपासून विभक्त’. ही तारीख अंदाजाने टाकतात. तिथे ऑगस्ट 2025 पडला की जूनमधल्या संधीची कबुली तुम्हीच दिलीत. जानेवारी 2023 च टाका, आणि त्यानंतर एकदाही एका छताखाली राहिले नाहीत हे खरं असेल तर तसं लिहा. मध्ये कधी महिला कक्षात समेट होऊन ‘नांदायला पाठवलं’ अशी नोंद किंवा पोटगीच्या अर्जात ‘नवरा येऊन-जाऊन असतो’ असं वाक्य आहे का, तेही विचारून घ्या. अशी जुनी कागदं ऐन उलटतपासणीत बाहेर येतात.

पैशांसाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईंना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तरी ऑगस्ट 2025 पासून सोलापूरचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

जाताना लग्नाची पत्रिका किंवा नोंदणी दाखला, दोघांची आधार, पहिली सोनोग्राफी, माता-बाल संरक्षण कार्ड आणि ती सोडचिठ्ठीही न्या. घटस्फोट म्हणून ती निरुपयोगी आहे, पण त्या दिवसापासून दोघं वेगळे होते हे दाखवायला त्याच कागदावर साक्षीदारांच्या सह्या आहेत.